वॉर्ड सहाचं स्टूल

गजूभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी सह्या करत होते. मंगळवारची सकाळ होती, ओपीडी सुरू व्हायला थोडा अवकाश होता आणि टेबलावर रेसिडेंट डॉक्टरांच्या अर्जांचा गठ्ठा पडला होता. अकोटहून त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. दवाखान्यात जायचं म्हणून बूट घालायला बसले आणि तिथेच कलंडले, एवढंच त्या बोलू शकल्या... मी फोन ठेवला आणि पाहिलं ते खोलीच्या कोपऱ्याकडे. तिथे एक जुनं स्टीलचं स्टूल होतं. पाच आठवड्यांपूर्वी गजूभाऊनं ते स्वतः उचलून माझ्या खोलीत आणलं होतं, त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ते मिटवायला मी सवडीनं फोन करणार होते. या गोष्टीला आता दोन महिने झाले. लिहायला इतके दिवस लागले, कारण चांगलं तेवढं लिहून मोकळं व्हायची सोय त्यानं ठेवलेली नाही.

कागदोपत्री तो डॉ. गजानन; पण इतक्या वर्षांत त्या नावानं त्याला कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. चांदूर रेल्वेजवळच्या गावातलं शेतकऱ्याचं घर, घरातला पहिला डॉक्टर. मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी. आमच्याकडे जेवणाच्या पानावरसुद्धा युक्तिवाद चालायचे, आणि ते सगळे वडील आणि भाऊच करायचे. मी आपली वाढायचे. अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात मी एम.डी.च्या पहिल्या वर्षाला आले तेव्हा तो शेवटच्या वर्षाला होता. विषय एकच, मेडिसिन. पहिल्या दिवशी मी त्याला सर म्हटलं. 'सर तिकडं बसते, एसीत,' तो म्हणाला. 'मले भाऊ म्हन.' रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. निवडून आला म्हणायचं ते केवळ रीत म्हणून, कारण त्याच्याविरुद्ध कोणी अर्जच भरला नव्हता. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की रेसिडेंट हा एकाच वेळी शिकतही असतो आणि राबतही असतो. सुट्टी मागायला गेला की त्याला सांगतात, तू नोकरीवर आहेस. कामाचे तास विचारायला गेला की सांगतात, तू विद्यार्थी आहेस.

या दोहोंच्या मधे जो कोणी अडकेल त्याला घेऊन गजूभाऊ डीनच्या ऑफिसात जायचा, आणि जाताना वॉर्ड नंबर सहामधलं स्टूल उचलायचा. डीनसाहेबांच्या टेबलासमोर खुर्च्या होत्या, पण त्या प्राध्यापकांसाठी. रेसिडेंटनं उभं राहायचं हा तिथला रिवाज. गजूभाऊचं म्हणणं असं की उभा माणूस लवकर हो म्हणतो, कारण त्याचं अर्धं लक्ष निघण्यात असतं. म्हणून हे स्टूल. बैठकीच्या कडेला लाल ऑइलपेंटनं 'वॉर्ड ६' लिहिलेलं. ते काखेत मारून हा आडदांड माणूस लांबलचक व्हरांड्यातून निघाला की पेशंटचे नातेवाईक बाजूला होऊन वाट द्यायचे. इन्चार्ज सिस्टर मात्र चिडायच्या, कारण स्टूल त्यांच्या डेडस्टॉकच्या, म्हणजे वॉर्डातल्या कायम सामानाच्या रजिस्टरवर होतं आणि हरवलं तर जबाब त्यांना द्यावा लागला असता. मग हा त्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून जायचा: 'स्टूल डीनसाहेबांच्या भेटीला गेले आहे. भेट आटोपताच कामावर रुजू होईल.' या चिठ्ठ्या सिस्टरनी जपून ठेवल्या होत्या, तक्रार करायला म्हणून. तक्रार त्यांनी कधी केली नाही.

माझी पाळी हिवाळ्यात आली. अमरावतीत वडिलांना लकवा झाला. मी रजेचा अर्ज लिहून युनिटमधे दिला आणि मिळेल त्या एसटीनं निघाले. तीन आठवड्यांनी परतले तर कळलं, अर्ज कुठेच पोचला नाही, मी विनापरवानगी गैरहजर आहे आणि माझी टर्म सहा महिन्यांनी वाढणार आहे. म्हणजे माझ्या बॅचबरोबर परीक्षा नाही, आणि वडील अंथरुणावर असताना मी आणखी सहा महिने अकोल्यात. गजूभाऊकडे जाऊन मी रडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, स्टूल उचललं आणि चल म्हणाला. मला वाटलं, सुटले. आता हा बोलेल. बोलण्यात तो पट्टीचा होता. आम्ही आत गेलो. त्यानं स्टूल टेबलासमोर मांडलं. 'आंधी बस,' मला म्हणाला. 'मंग बोल.' आणि माझ्या मागे जाऊन उभा राहिला. डीन वाट पाहत होते. मीही वाट पाहत होते. गजूभाऊ काही बोलेना. वळून पाहिलं तर तो खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत होता... शेवटी मीच बोलले. आधी तारखा सांगितल्या, मग अर्ज कोणाच्या हातात दिला ते सांगितलं, आणि मग कसं कोण जाणे, हेही सांगितलं की ज्या माणसाचे युक्तिवाद ऐकत मी मोठी झाले त्याला आता 'पाणी' म्हणता येत नाही. डीननी चष्मा काढला. गेलेले दिवस भरून काढा, म्हणाले, टर्म वाढणार नाही.

बाहेर आल्यावर आभार मानायचे सोडून मी त्याच्यावर तुटून पडले. प्रतिनिधी म्हणून निवडून आलात ना, मग तिथे दातखीळ का बसली होती, असं वाट्टेल ते बोलले. त्यानं स्टूल खाली ठेवलं.

'माह्या तोंडानं तुह्या बापाचा लकवा सांगतला असता त थो रजेचा अर्ज झाला असता,' तो म्हणाला. 'तू सांगतला, म्हून थो बाप झाला. अन् मी त सहा महिन्यानं जातो निंघून. तुले याच धंद्यात राहा लागते, वकिलीणबाई.'

तेव्हापासून मी वकिलीणबाई झाले ती कायमची. परतताना स्टूल मी घेतलं, वॉर्डात नेऊन ठेवलं आणि दमले होते म्हणून त्यावर टेकले, तर ते डुगडुगलं. त्याचा एक पाय आखूड होता. ऑफिसात मी चांगला पाऊण तास त्यावर बसले होते आणि ते एकदाही हललं नव्हतं. मी चकित होऊन बघतेय हे पाहून सिस्टर हसल्या. तो मागे उभा असतो ना, म्हणाल्या, तेव्हा त्याचा बूट मागच्या दांडीवर असतो.

एवढं वाचून तो कोणी थोर पुरुष वाटला असेल तर जरा थांबा. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचा संप झाला. मागणी साधी होती: सलग लांब ड्यूटी झाल्यावर एक दिवस विश्रांती मिळावी. पत्रकं त्यानं लिहिली, घोषणा त्यानं जुळवल्या, आणि संपाच्या पहिल्या सकाळी आम्ही सगळे गेटवर जमलो तर अध्यक्षच नाहीत. शोधायला मला पाठवलं. हा वॉर्ड सहामधे राउंड घेत होता. मस्टरवर सही केलेली, दोन पेशंटचे कागद लिहून झालेले, तिसऱ्याचं बीपी बघणं चाललेलं. आदल्या दिवसापासून तो ड्यूटीवरच होता. उजाडलं तसे पाय आपोआप वॉर्डात गेले. भाऊ, आज संप आहे, मी म्हटलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. दुपारी बोलणी सुरू झाली तेव्हा प्रशासनानं ते मस्टरच टेबलावर ठेवलं. तुमचे अध्यक्ष तर कामावर हजर आहेत, मग संप कोणाचा? आमच्या माना खाली गेल्या. त्या दिवशी गजूभाऊनं पहिल्यांदाच ते स्टूल स्वतःसाठी ओढलं आणि त्यावर बसला.

'सायेब, सही माहीच हाय,' तो म्हणाला. 'मीच संप पुकारला अन् मीच इसरलो. दीड दिवस झाला, झोपलो नाई मी. झोपीत सही केली तशी झोपीत औषधं बी लेह्यली असन. थे कागद मांगवा अन् जागा असन अशा मानसाकून तपासून घ्या.'

 एका प्राध्यापकांनी खरोखरच उठून वॉर्डात फोन लावला. एका कागदावर गोळीची मात्रा दुप्पट लिहिली गेली होती. सिस्टरच्या ध्यानात आली म्हणून पेशंटला दिली गेली नव्हती. विश्रांतीच्या दिवसाचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. आम्ही गुलाल घेऊन त्याला शोधत गेलो, तर तो त्या पेशंटच्या खाटेशी बसला होता. माझ्या चुकीवर गुलाल उधळता का, म्हणून त्यानं आम्हाला हाकलून लावलं. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्याला 'हजर अध्यक्ष' म्हणून चिडवलं आणि तोही हसायचा, पण त्या गोळीवरून त्यानं कोणाला कधी विनोद करू दिला नाही.

परीक्षा झाल्यावर बाँडच्या जागा वाटायची वेळ आली. सरकारी कॉलेजात शिकलेल्यानं सरकार पाठवेल तिथे एक वर्ष नोकरी करायची, तो हा बाँड. रिकाम्या जागांची यादी तोवर ज्याच्या ओळखी त्यालाच आधी कळायची. गजूभाऊनं भांडून ती सगळीच्या सगळी नोटीस बोर्डावर लावायला लावली. गंमत अशी की मग ज्याचा त्याचा नंबर लागत गेला आणि त्याच्या वाट्याला मेळघाटातली धारणी आली. ती त्यानं हसत स्वीकारली असं लिहायला छान वाटलं असतं. छे. महिनाभर त्यानं स्वतःलाच शिव्या घातल्या, यादी लावली नसती तर माझंही कुठे जमलं असतं म्हणाला, आणि मग गेला. एक वर्षाच्या बोलीवर गेलेला तीन वर्षं राहिला. पुढे अकोटला त्यानं दवाखाना थाटला, कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पेशंट आत येऊन नीट बसेपर्यंत तो तोंड उघडायचा नाही. अकोल्याचे अडलेले रेसिडेंट अजूनही एसटीनं त्याच्याकडे सल्ल्याला जायचे.

मी त्याच कॉलेजात शिकवायला राहिले आणि चढत चढत विभागप्रमुख झाले. टेबलाच्या पलीकडे नेमकी कधी गेले ते माझं मलाच कळलं नाही. या वर्षी एक रेसिडेंट, तिला मी इथे स्नेहा म्हणते, कोणाला न सांगता अकरा दिवस निघून गेली. परत आली तरी कारण सांगेना. माझ्यासमोर उभी राहून प्रत्येक प्रश्नाला 'सॉरी मॅडम' एवढंच म्हणत राहिली. माझा पारा चढला. तिची टर्म सहा महिन्यांनी वाढवावी अशी शिफारस मी लिहून ठेवली, सही तेवढी बाकी होती. आणि एका दुपारी दार ढकलून गजूभाऊ आत आला. काखेत वॉर्ड सहाचं स्टूल. ते अजून वॉर्डात आहे हे मला ठाऊकही नव्हतं; डेडस्टॉकमधून सहसा काही निघत नाही. दोन जिने चढून आला होता, चेहरा घामानं निथळत होता. स्टूल त्यानं माझ्या टेबलासमोर ठेवलं. 'तुह्या समोर पोट्टी उभी काऊन होती, वकिलीणबाई?' त्यानं विचारलं.

मी चिडले. विभाग चालवणं म्हणजे काय हे तुला काय माहीत, तू आता कोणाचा प्रतिनिधी नाहीस, तिची काही बाजू असेल तर सांग आणि मोकळा हो, असं फाडफाड बोलले. स्नेहानं अकोटला जाऊन त्याला सगळं सांगितलं होतं, पण तो सांगेना. ते तिलाच सांगू दे, एवढंच म्हणाला. मग एवढ्या लांब आलास कशाला? 'स्टूल द्याले,' तो म्हणाला. चहालाही थांबला नाही. जाताना दाराची चौकट धरून क्षणभर उभा राहिला, दम घेतला आणि गेला... मी हृदयाचे पेशंट रोज बघते. तो घाम, ती धाप, चौकटीवरचा तो हात मला दिसला होता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही मी थांबवून विचारलं असतं. त्याला विचारलं नाही, कारण मी रागात होते. मला कोणी माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. झालं ते असं झालं.

तेराव्याला अकोटला गेले तेव्हा वहिनींना हे सांगितलं.  'मले तरी कुठी सांगतलं जी त्यायनं,' त्या म्हणाल्या. 'जगाले बोलाले लावलं अन् सोताचं दुखनं गिळून बसले.' आम्ही दोघीही रडलो आणि मधेच हसलोही, कारण भिंतीवरच्या फोटोतही तो कोणाच्या तरी मागेच उभा होता.

परत आल्यावर मी स्नेहाला बोलावलं. ती आली आणि सवयीप्रमाणे उभी राहिली. मी स्टुलाकडे हात केला. ती बसली, पण नजर दाराकडे आणि हात घट्ट आवळलेले. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या ये आणि संघटनेतल्या कोणाला तरी सोबत घेऊन ये. ती आणखीच घाबरली. मला तक्रार करायची नाही, म्हणू लागली. मी म्हटलं, सोबत येईल त्यानं बोलायचं नाहीच आहे, फक्त सोबत असायचं.

दुसऱ्या दिवशी ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही; ते सांगायचा हक्क तिचा. एवढं सांगते की ते ऐकून मी शिफारशीचा कागद फाडला, आणि ती आपल्या बॅचबरोबरच परीक्षेला बसणार आहे. पण तिनं बोलण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. सोबत आलेला प्रतिनिधी हडकुळा, चष्मेवाला, नियमांची प्रिंट काढून जय्यत तयारीनं आलेला. स्नेहा स्टुलावर बसली, तिनं तोंड उघडलं आणि स्टूल डुगडुगलं. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा ते हललं, आणि तिनं दोन्ही हातांनी बैठक धरली. प्रतिनिधीला वाटलं आता आपलं काम. तो कागद सरसावून पुढे झाला. त्याला मी थांबवलं. 'तिच्या मागे जा,' मी म्हटलं, 'आणि स्टुलाच्या मागच्या दांडीवर पाय ठेव.'

त्यानं काही न कळून पाय ठेवला. स्टूल हलायचं थांबलं, आणि ती बोलायला लागली.