मागचे हुक

नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला भूकंपाच्या वर्षीचा लातूरचा डिसेंबर आठवतो. आई घरीच शिवणकाम करायची आणि चर्चमधल्या मुलींचे नाताळचे झगे तिच्याकडेच यायचे. त्या वर्षी मदतीच्या साड्या ट्रक भरून आल्या होत्या, पण ब्लाउज मापाचा लागतो हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायका कापड घेऊन एसटीनं आमच्याकडे यायच्या. मुलीचा झगा तयार नाही म्हणून चर्चमधली एक बाई आईवर चिडली, "नाताळ काय रोज येतो का?" आईनं मशीन थांबवली नाही. "सकाळी झगे, दुपारी ब्लाउज. जमत नसंल तर कापड घेऊन जावा." त्याच दुपारी शेडमधली एक मावशी माप द्यायला उभी राहिली. अंगात कुणाचा तरी ढगळ ब्लाउज होता. "हुक मागं का पुढं?" आईनं विचारलं. "पुढंच लावा, बाई. मागचे लेकीला लई आवडायचे. तीच लावून द्यायची." आईनं वहीत माप लिहिलं आणि तिचं कापड सगळ्या झग्यांच्या वर ठेवलं. माझा झगा नाताळच्या सकाळी पुरा झाला. चर्चची घंटा वाजत होती, आई माझ्या पाठीवरची बटणं लावत होती आणि मी "लवकर कर ना" म्हणून ओरडत होते. आता मी नांदेडला एकटीच राहते. नाताळाला तयार ड्रेस घेते. चेन पाठीवर असली तर परत ठेवते.