कुठले भालेराव?

राजश्री भालेरावचं इंग्लंडातल्या या रीडिंग गावात नाव कोणी केलं असेल, तर ते मी, मधुमतीनं. हे फुशारकीनं नाही, लाजेनं सांगतेय, तेव्हा आधी ऐकून घ्या.

पाच वर्षांपूर्वी तिनं आमच्या घरी डब्यातून उकडीचे मोदक आणून दिले. तेव्हा ती इथल्या एका शाळेच्या किचनमध्ये मुलांना फिश फिंगर वाढायची. मोदक बघून माझ्या सासूबाईंनी चष्मा लावला. पातळ पारी, मोजून एकवीस पाकळ्या, वर नाजूक टोक! सासूबाई म्हणाल्या, "कुठले गं हे भालेराव?" मी म्हटलं, "जालन्याचे. देशस्थच असणार." झालं! भालेराव देशस्थांतही असतात आणि बौद्धांतही असतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण मोदक इतका सुबक होता, की माझ्या डोक्यानं परस्पर निकाल लावून टाकला.

मग मी व्हॉट्सॲपवर सुटलेच. "आपल्यातलीच आहे, डोळे झाकून ऑर्डर द्या." प्रत्येकीला हेच वाक्य. मला कुठलं ब्रँडिंग कळतंय, पण वाक्यानं काम केलं हो! वोकिंगहॅमपासून स्लाउपर्यंत डबे जायला लागले. गणपतीत तिच्या किचनमध्ये तीन-तीन मोदकपात्रं वाफाळायची. तिच्या स्वतःच्या घरी मात्र गणपती नसायचा. मला वाटायचं, फ्लॅट लहान आहे, जागा नसेल. माणसाला आंधळं व्हायचं असलं की कारणं बरी सुचतात.

राजश्री कधी खोटं बोलली नाही, हे लिहून ठेवा. कोणी "कुठले?" विचारलं की ती "जालन्याचे" म्हणायची आणि कामाकडे वळायची. तिला कशाला वळावं लागतं, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा जुलैत तिनं शाळेची नोकरी सोडली. आता मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ, एवढ्यावरच घर चालवायचं ठरवलं. तिची मुलगी सारा, इथेच जन्मलेली, सतरा वर्षांची. ती आईला लायब्ररीत छोट्या धंदेवाल्यांच्या वर्कशॉपला घेऊन गेली. तिथे सांगितलं, लोक नुसती वस्तू घेत नाहीत, माणूस बघून घेतात. तुमचा चेहरा, तुमची गोष्ट पुढे आणा. सारानं लगेच इन्स्टाग्रामवर पेज केलं. त्यावर राजश्रीचा फोटो. पांढरी साडी नेसून लंडनच्या कॅमडेनला, बाबासाहेब शिकताना राहायचे त्या घरासमोर. खाली तिच्या आजीची, सिंधुबाईची गोष्ट. सिंधुबाई गावातल्या लग्नघरी लाकडं फोडून द्यायची. तिला अंगणाच्या पार कडेला बसवायचे. तिथूनच ती नुसत्या वासावरून ओळखायची, पुरण शिजलं की नाही ते. शेवटी लिहिलं होतं, जय भीम.

वाचून मी घाबरले. सिंधुबाईसाठी नाही, खोटं कशाला बोलू? आधी मनात आलं, आता सगळ्याजणी मलाच धरणार.

राजश्रीला पहिला मेसेज गेला माझ्या मैत्रिणीचा, रेखाचा. "सॉरी गं, या वर्षी आम्ही घरीच करतोय." मग दुसरीचा, तिसरीचा. गणपतीला मोदक घेणाऱ्या एकोणीस घरांपैकी चौदा गळाली. काय चमत्कार! रीडिंगमधल्या झाडून सगळ्या बायकांना एका आठवड्यात मोदक यायला लागले. वाईट शब्द एकीनंही काढला नाही. रेखा मला म्हणाली, "आम्हाला काही नसतं गं, पण देवाचं म्हणजे सोवळ्याचं. तिनं आधी सांगायला नको का?" ही बाई नैवेद्याची खीर मायक्रोवेव्हमध्ये करते, हिला सोवळं आठवलं! राजश्रीच्या किचनला कौन्सिलनं स्वच्छतेचे पाचपैकी पाच दिलेत. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी म्हटलं, "हो ना."

आणि शहाणपण शिकवायला गेले कोणाकडे? राजश्रीकडे. ती नारळ खवत होती, सारा खोके घडी घालून रचत होती. मी म्हटलं, "तो फोटो काढ बाई. गणपतीपुरता. लोक विसरतात."

सारा म्हणाली, "मधुमावशी, आईचा स्टोरी खरा आहे ना?"

"खरी आहे गं, पण..."

"पण काय?"

मी एक खोका उचलून उगाच घडी घालायला लागले.

राजश्रीनं खवणी बाजूला ठेवली. "मधू, केकवाल्याला ख्रिसमस पाळावा लागतो का? मी मोदक करते, चांगले करते, विषय संपला. पण पाच वर्षं 'जालन्याचे' म्हणून गप्प बसले ना, तेव्हा दर वेळी वाटायचं, आजीला मीच दाराबाहेर उभं करतेय. आता तिला आत घेतलंय. परत बाहेर काढू?" तिचे डोळे भरले होते. "धंदा बुडाला तर शाळेत जाऊन विचारेन, परत घेता का म्हणून. घेतील, नाही घेतील."

मला रडू आलं. मी तिचा हात धरला. "मी आहे ना," म्हटलं.

तिनं डोळे पुसले आणि यादी पुढे ओढली. "मग तुझे एकवीस करायचे ना?"

घरी सासूबाई होत्या. डबा उघडल्या उघडल्या त्या विचारणार, कुणाकडचे? आणि पेज तर त्यांनीही बघितलं होतं.

"हो तर, कर की," मी म्हणाले. पण ते लगेच म्हणाले नाही. मध्ये थोडा वेळ गेला, आणि तेवढा सगळा वेळ राजश्री माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिनं पेन घेतलं आणि यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. "राहू दे," म्हणाली, "तुला घरी त्रास नको."

"अगं, तसं नाही गं," मी म्हटलं. दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. सारा खोके तसेच टाकून माझ्याकडे बघत राहिली. "परत लिही माझं नाव," एवढं मात्र माझ्या तोंडून आलं नाही.