वायर माझ्या मुठीत होती

२०२४ साल. माझं वय एकाहत्तर. शिक्षण तिसरीपर्यंत, पण भानामती, करणी असल्या भानगडीवर मी जन्मात विश्वास ठेवला न्हाई. गावात कुणाच्या घरी ताटवाट्या उडाल्या की मी आधी विचारायचो — घरात भांडण कशावरून चालू हाय? म्हणून सांगतो, हे नीट वाचा.

गाव आमचं कंधारजवळ. पोरगा लातूरला नोकरीला. सून अश्विनी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कॉम्प्युटर जुना, डब्बा नुसता... त्याला हवेतून नेट घेताच येत न्हाई. मोबाईलला वायर लावायची, दुसरं टोक कॉम्प्युटरला, मग चालायचं. चालायचं म्हणजे रखडायचं! पडद्यावर ते गोल चक्कर फिरायलंय तर फिरायलंय. पोरगा फोनवरून शिकवायचा — अपडेट बंद कर, मागच्या खाचेत लाव. सगळं झालं. नवी वायर मी स्वतः नांदेडहून आणली. मोबाईल लई तापतो म्हणून माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवला, तर सून म्हणे, "अण्णा, मोबाईल हाय तो, काकडी न्हाई!"

त्या दुपारी तिच्या साहेबांसोबत मीटिंग होती. साहेबांनी बजावलं होतं — पुन्हा अडकलं तर पुण्याला येऊन काम करा. म्हणजे सून जाणार, नात जाणार, अन् या घरात मी एकटा. हे मी कुणाला बोललो न्हाई. कशाला बोलू?

मीटिंग सुरू झाली न झाली, साहेबांचं तोंड उघडंच थिजलं. सून रडकुंडीला आली. माझं डोकं सटकलं. विहिरीवरची मोटार घरघरली की मी आयुष्यभर एकच इलाज केला — स्टार्टर पाडायचा, दम घेऊ द्यायचा, पुन्हा चालू करायची. टेबलाखाली हात घातला अन् कॉम्प्युटरमधनं मोबाईलची ती नेटाची वायर उपटली.

...अन् साहेब बोलायला लागले. खळखळ! सून उत्तरं देऊन राहिली. वायरीचं टोक माझ्या मुठीत. मी उकिडवा, हलायची हिंमत न्हाई. शेवटी साहेब म्हणाले, "आज एकदम क्लिअर होतं. करा घरूनच."

सून वळली. "अण्णा, वायर..."

"काढली म्या."

"कधी?"

"ते अडकले तवाच."

ती खुर्चीतून उठलीच न्हाई.

संध्याकाळी पोरगा फोनवर म्हणतो, "होऊच शकत न्हाई. तुम्ही माऊसची उपटली असल."

"माऊस तिच्या हातात फिरून राहिला होता की रे, शहाण्या!"

कंधारच्या दुरुस्तीवाल्यालाही विचारलं, तो नुसता हसला. मला आजही उलगडा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामाला बसली. तिचं लक्ष चहाकडं बघून मी हळूच वायर उपटली. नेट बंद!

"अण्णा!!"

मी गपकन परत खुपसली अन् म्हणलो, "सैल बसली होती."