लेकीवर न झालेलं पद

भातकुलीजवळ आमचा मळा होता. वांगी, मिरची, झेंडू. माझा थोरला भाऊ पदं बांधायचा, तीही फक्त मेलेल्या माणसांवर. गावात कोणी गेलं की तेराव्याला त्या घरी बसून तो नवं पद म्हणायचा. एका म्हातारीवर त्यानं बांधलं होतं:

गेली नका म्हणू, आहे ओसरीत ऊन,
तिच्या रांगोळीला वारा जातो चुकवून.

ते ऐकून तिचा लेक रडला, आणि मग हसलाही. "मानूस मरते, पद मरत नाही," दादा म्हणायचा. मी तेव्हा विशीत होतो. मला ते खरं वाटायचं.

मग कुठं दूरदेशी लढाई लागली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. आम्हीही झेंडू उपटून कापूस लावला. गाव नुसतं धावत सुटलं. तेराव्याला लोक जेवायचे आणि पद सुरू व्हायच्या आत गाड्या जुंपून अमरावतीची वाट धरायचे. दादा उरलेल्या चार म्हाताऱ्यांपुढे गायचा.

त्या उन्हाळ्यात गावात पटकी, जुलाब-उलट्यांची साथ, शिरली. आम्ही दोघे भाऊ कापूस घेऊन अकोल्याला गेलो होतो. परतलो तर दादाची सहा वर्षांची लेक जाऊन तीन दिवस झाले होते. वहिनी एवढंच म्हणाली, "तुमाले हाका मारत होती."

लेकराचं तेरावं आमच्यात करत नाहीत. पण ज्यांच्या घरी दादा गायला होता, ती माणसं तेराव्या दिवशी गाड्या सोडून आपणहून आली. अंगणात बसली. दादानं डोळे मिटले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "म्हन ना गा बाबू, आमी आयकून राहिलो."

"काय म्हनू?" दादा म्हणाला. "आजवर म्या दुसऱ्याच्या दुःखाले चाल लावली. हे तर मले आतून खाऊन राहिलं."

माणसं उठून गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. "तुले जमते थोडं. तू बांध तिच्यावर. नाही तर ते पोरगी पुरी मरन."

मी आठ दिवस खपलो. चिमणी, अंगण, पैंजण. शब्द जुळत गेले. दादाला म्हणून दाखवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हे कोन होय?"



पुढं तो वीस वर्षं जगला. माणसं मरतच राहिली. कोणी बोलवायला आलं की तो तोंड फिरवायचा. त्याची पदं कुणी लिहून ठेवली नव्हती. ती पाठ असणारे एकेक करून गेले.

परवा मी पुतणीचा चेहरा आठवायला बसलो. पुढचा एक दात पडला होता, एवढंच आठवलं. वरचा की खालचा, हे वहिनीला विचारलं असतं. तीही आता नाही.