चाकांच्या बुटांची वर्षं

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. घरची भातशेती दोघा भावांना पुरेना, म्हणून मी मुंबईला मामाकडे गेलो. मामा स्केटिंगच्या एका हॉलमध्ये साफसफाईला होता. संध्याकाळी साहेब लोक, पारशी, गोव्याचे ख्रिस्ती तरुण तिथं चाकांचे बूट घालून फिरायचे. त्यांचे बूट बांधायचं काम मला मिळालं. सकाळी हॉल रिकामा असला की मीही बूट चढवायचो. एकदा तिथल्या गोवेकर मास्तरांनी मला पाहिलं. वाटलं, आता नोकरी गेली. पण त्यांनी माझे खांदे धरून सरळ केले आणि म्हणाले, "पायांकडे बघू नको. ते कुठं पळून जात नाहीत."

ते मला शिकवू लागले आणि पुढे मी स्पर्धांत उतरलो. लोकांना वाटायचं, स्केटिंग म्हणजे उड्या आणि गिरक्या. त्या शेवटी. आधी लाकडी जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून एका पायावर जायचं, मग तसंच उलटं. रेघ सुटली की गुण गेले. रोज सकाळी तीच वर्तुळं. मास्तर खुर्चीत बसून म्हणायचे, "परत." मी परत जायचो. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि चाकांची घरघर झोपेतही थांबायची नाही. एका वर्षी दुसरं बक्षीस मिळालं. तो लहानसा कप आईनं देव्हाऱ्यात ठेवला आणि पंचमीला त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

त्यानंतरच्या कार्तिकात मी कापणीला घरी आलो. नाताळातली मोठी स्पर्धा जवळ आली होती, म्हणून बूट बरोबर आणले होते. पण सारवलेल्या अंगणात चाकं रुतायची. दिवसभर विळा चालवून कंबर वाकलेली, आणि सराव सुटतोय ही धास्ती वेगळीच. मुरबाडच्या भातगिरणीच्या मालकाच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, "गिरणीत शिमिटाची जमीन हाय. रविवारी बंदच आसतंय. ये, आमाला पन दाखव."

रविवारी बरीच माणसं जमली. आई आणि दादाही आले. मी दोनचार फेऱ्या मारल्या तशी आई ओरडली, "आरं, चक्कर येल रे!" सगळे हसले. मीही हसलो आणि गिरकी घेतली. झाडून काढलं तरी कोंडा कुठंतरी राहिला होता. चाक सटकलं, डावा गुडघा आत दुमडला, आणि त्याचा आवाज भिंतीजवळच्या माणसांनाही ऐकू गेला.

दादानं मला पाठीवर घेऊन बैलगाडीपर्यंत नेलं. वाटेत तो म्हणाला, "दुखतंय?"

"नाय."

"खोटं बोलू नको."

नाताळात मी गुडघा आवळून बांधला आणि गेलो. मास्तर म्हणाले, "या वर्षी राहू दे." मी ऐकलं नाही. वर्तुळं कशीबशी निभावली. मग उड्या-गिरक्यांच्या मोकळ्या नाचात पहिल्याच वळणाला गुडघा मुडपला आणि मी पडलो. ग्रामोफोन वाजत राहिला आणि मी मधोमध बसलो होतो. शेवटी कठड्यापर्यंत सरकत आलो. मास्तरांनी खाली वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

तरी मी सोडलं नाही. पुढची दोन वर्षं उतरलो, आणि दोन्ही वर्षी मागेच राहिलो. गुडघा चालायचा, पण वळण आलं की मी भिऊन वेग कमी करायचो. मग लढाई आली आणि लष्करानं हॉल सामान ठेवायला घेतला. वर्तुळांवर खोकी रचली जात होती तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो.

"आता काय करणार?" मास्तरांनी विचारलं.

"गावी जाईन. शेती."

"वाईट वाटतंय?"

"थकलोय, मास्तर."

"मीपण," ते म्हणाले. त्या आठवड्यात ते गोव्याला गेले. पुन्हा भेट झाली नाही.

घरी पोचलो त्या दिवशी जेवलो आणि पडवीत आडवा झालो. दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आलं तरी उठलो नाही. दादा बैल घेऊन अंगणात उभा होता. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाय," ती त्याला म्हणाली. "निजू दे त्याला. तू हो पुढं."