गणवेशाचं कापड

सतरा वर्षं फौजेत काढून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वनरक्षक म्हणून लागलो. पोस्टिंग झरी जामणी. पहिल्या वर्षीचा गणवेश भत्ता खात्यात आला, तसा आर्णीला जाऊन दोन खाकी ड्रेस शिवून घेतले. कापड टेरिकॉट. धुतलं तरी क्रीज मोडत नाही. फौजीला आणखी काय हवं?

बीटवर माझ्यासोबत लेतू आत्राम असायचा. कोलाम आदिवासी, पन्नाशीचा, रोजंदारी वनमजूर. त्याला गणवेश नाही, म्हणून भत्ताही नाही. अंगात जुना सुती सदरा. एकदा सकाळी सातच्या गस्तीला त्यानं माझी बाही बोटांत धरून पाहिली.

"साहेब, हे कापड आगीत काय करते?"

"म्हणजे?"

त्यानं माझ्या शिवणीतून सुटलेला धागा ओढला आणि काडी लावली. धाग्याचा काळा मणी झाला, त्याच्या नखाला चिकटला. मग स्वतःच्या सदऱ्याचा धागा जाळला. राख फुंकून टाकली.

"माह्यं जळते. तुमचं चिकटते."

इतकी वर्षं गणवेश इस्त्री केला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी जाऊन टॉवेल, साडी, पडदा, सगळ्यांचे धागे जाळून पाहिले.

"काय करून राह्यले हे तुम्ही?" बायको म्हणाली.

रविवारी पांढरकवड्याहून जाड सुती खाकी आणून नवा ड्रेस शिवायला टाकला.

एप्रिलमध्ये दुपारी १३४० ला वायरलेस आला. "जंगलात आग. वारा पश्चिमेचा. ओव्हर." आम्ही सहा जण जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या पट्ट्यावर, पोहोचलो. १४१५ ला वारा फिरला. ठिणग्या माझ्या पाठीवर पडल्या. लेतूनं त्या हातानं झाडल्या. सुती शर्टाला भोकं पडली, कातडी वाचली.

तेवढ्यात धुरातून हाक आली. मोहफुलं वेचायला आलेली एक म्हातारी नाल्यापलीकडे अडकली होती.

"लेतू, थांब. मी जातो."

"तुमाले वाट नाही ठाऊक." एवढंच बोलून तो गेला.

वीस मिनिटांनी म्हातारीला खांद्यावर घेऊन आला. तिला खाली ठेवलं आणि तिथंच बसला. छातीत धूर भरला होता. यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, माती द्यायला आजूबाजूच्या बीटवरचे आम्ही सात वनरक्षक गणवेशात गेलो. रोजंदारीवरच्या माणसाला मानवंदना देता येत नाही, असं एकानं हळूच सांगितलं. वरिष्ठ कुणी हजर नव्हते. फौज सोडल्यावर मी पहिल्यांदाच कमांड दिली.

"सावधान! सॅल्यूट!"

सातही हात वर गेले. ते खाली घ्यायची कमांड द्यायला मला बराच वेळ लागला.