चुडामणच्या नावाची मूठ

माणूस आजारी पडला की त्याच्या घरी जाऊन हळहळायची आपल्याकडे भारी हौस. बेबाबाईला या हौसेचा इतका वीट आला होता, की अंगणात चपला वाजल्या तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. शिंदखेड्याजवळच्या त्या गावात तिचं घर नेमकं रस्त्याला लागून. त्यामुळे बाजाराला निघालेलं माणूसही जाता जाता डोकावणार. ओसरीत खाटेवर तिचा नवरा चुडामण पडलेला, उजवी बाजू लुळी, जीभ जड. त्याच्या पायथ्याशी बसून बाया मोठमोठ्याने बोलायच्या.

"कसा धडधाकट माणूस व्हता वं माय! आते देवच सुटका करो त्यानी."

"तो मरेल नही शे," बेबाबाई म्हणायची. "बठ्ठं आयकू येस त्याले."

बाया मग आवाज खाली आणायच्या आणि तेच पुन्हा म्हणायच्या. वर चहा पिऊन, खाटेवर बिस्किटाचा पुडा टाकून जायच्या. तो पुडा चुडामणला चावता येत नसे, हे कोणाच्या डोक्यातही येत नसे. पुतण्या योगराजने तर कहरच केला. वाकड्या झालेल्या तोंडाचा फोटो काढला, खाली गुलाबाचं फूल चिकटवलं, 'काका लवकर बरे व्हा' असं लिहिलं आणि मोबाईलच्या स्टेटसला लावून दिलं. गावभर लोकांनी तो पाहिला आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. बेबाबाईला ते कळलं तेव्हा तिला खरोखर ओकारी आली.

हे सगळं होळीच्या सुमारास सुरू झालं. सकाळी शेतातली मोटार चालू करायला निघालेला चुडामण उंबऱ्यातच कोसळला. तोंड एका अंगाला ओढलं गेलं, हात लोंबायला लागला. धुळ्याला न्या, आत्ताच्या आत्ता न्या, म्हणून बेबाबाई जावेजवळ जीव तोडून सांगत होती. पण त्या घराण्यात शब्द चालायचा चुडामणच्या थोरल्या भावाचा, सुकदेव आबांचा. आबांनी आपल्या पोराला, याच योगराजला, कबुतर आणायला पिटाळलं. लकवा मारला की कबुतराचं गरम रक्त चोळायचं, ही वाडवडिलांपासून चालत आलेली अक्कल. पाखरू अंगणात कापलं. रक्त चुडामणच्या खांद्यापासून बोटांपर्यंत चोळलं. माश्या घोंघावायला लागल्या. दुपार कलली, रक्ताचा गुण काही येईना, तेव्हा कुठे गाडी निघाली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी त्या वाळलेल्या रक्ताकडे पाहून विचारलं, "जखम कुठे आहे?" बेबाबाईनेच कबुतराचं सांगितलं.

"लकव्यात पहिले काही तासच आपल्या हातात असतात," डॉक्टर म्हणाले. "ते तुम्ही कबुतराला दिलेत."

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. नवऱ्याच्या नखांत बसलेलं रक्त नंतर बेबाबाईने काडीने कोरून काढलं. त्यानंतर कित्येक दिवस जेवताना तिला आपल्या हाताला तोच वास यायचा.

पण किळस काय फक्त दुसऱ्यांचीच येते? घरी आणल्यावर अंथरूण भरायचं, ते तीच धुवायची. नाकाला पदर लावला तर त्याला दिसेल, म्हणून श्वास कोंडून धुवायची. मग मोरीत जाऊन आपल्याच संसाराला शिव्या घालायची. सुरतेला नोकरीला असलेला मुलगा नीलेश रोज फोन करायचा, "माय, तू बरी शे ना?" असं विचारायचा. ती बरी शे म्हणायची. ज्या माणसाशी उभा जन्म काढला त्याची आपल्याला घाण वाटते, हे पोराला कुठल्या तोंडाने सांगणार?

सांगितलं ते एका परक्या पोरीला. धुळ्याच्या दवाखान्यात ती चुडामणला व्यायामाला न्यायची, तिथे व्यायाम शिकवणारी भाविका म्हणून मुलगी होती. एके दिवशी चुडामणला भिंतीच्या दांडीला धरून उभं करून ती बाहेर आली, तेव्हा बेबाबाई बाकावर बसून एकदम बोलून गेली, "पोरी, मले त्यानी किळस येस. मी बाई शे का राक्षसीण?"

भाविका हसली नाही, की चकितही झाली नाही. "येणारच काकू," ती म्हणाली. "सगळ्यांना येते, सांगत कोणी नाही. किळस येऊनही तुम्ही रोज त्यांचा हात चालवता ना, तो हात बघा कसा सुटायला लागलाय. आणि आठवड्यातून एक दुपार कोणालातरी त्यांच्याजवळ बसवून तुम्ही बाहेर जा. शेतात जा, कुठेही जा."

बेबाबाई जायला लागली. बांधावर बसायची, कोणाशी न बोलता भाकर खायची आणि परत यायची. त्या दिवसांपासून तिचं अंथरूण धुणं थोडं सोपं झालं. मोरीतल्या शिव्याही कमी झाल्या, बंद मात्र झाल्या नाहीत.

चुडामणही हळूहळू सरकत होता. काठी घेऊन अंगण ओलांडायला लागला. 'हो', 'नको' आणि एक जुनी ठेवणीतली शिवी, एवढे शब्द परत आले. उजव्या हाताची मूठ मात्र वळलेलीच राहायची, उघडायची नाही. भाविकाने युक्ती शिकवली होती. मनगट खाली वाकवलं की बोटं आपसूक सैल होतात, वर उचललं की मिटतात. बेबाबाई रोज त्याचं मनगट धरून हे करायची. पण कोणी भेटायला येऊन हळहळून गेलं, की चुडामण भिंतीकडे तोंड करायचा आणि दिवसभर हाताला हात लावू द्यायचा नाही. एका चहाच्या कपात आठवड्याची मेहनत वाया जायची.

श्रावण आला आणि खानदेशची देवी कानबाई घरात बसायची वेळ झाली. त्यांच्या घराण्याची रीत अशी, की रोटाचे गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. एक भरली मूठ आणि वर पाव मूठ. ते दळून देवीच्या नैवेद्याचे जाड रोट भाजायचे आणि भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. हजर असेल त्याने आपली मूठ आपल्या हाताने टाकायची, बाहेरगावी असेल त्याची दुसऱ्याने, पाळण्यातल्या पोराची त्याच्या बापाने. फक्त मेलेल्याची मूठ पडत नाही.

बेबाबाई चुडामणला धुतलेला सदरा घालून, काठीने चालवत आबांच्या घरी घेऊन आली. वाटेत तो दोनदा थांबला, पण कोणाचा खांदा मागितला नाही. त्याला खुर्चीवर बसवलं. आबांनी टोपलीतून आपली मूठ घेतली आणि सुपात टाकली. मग योगराजने टाकली. मग नीलेशच्या नावाची, तीही योगराजनेच. आणि थोरली जाऊ वच्छलाबाई सुपावर फडकं टाकायला लागली.

"अक्का," बेबाबाई म्हणाली, "नीलेशना बापनी मूठ राहिनी."

वच्छलाबाईने आबांकडे पाहिलं. आबा अगदी मऊ आवाजात बोलले, "बेबा, वाईट वाटी लेऊ नको. त्याले घास गिळावस नही. रोट उरना तं देवीना कोप. म्हनीसन यंदा त्यानी मूठ नही लिधी."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. हा मऊपणा बेबाबाईच्या अंगावर पाल पडावी तसा पडला. तिने चुडामणकडे पाहिलं. त्याची नजर जमिनीला खिळली होती, आणि मान हळूहळू भिंतीकडे वळत होती. ती मान तिला ठाऊक होती. आज ती वळली तर पुन्हा फिरणार नाही, हेही तिला कळलं. मग हात कितीही चालवा, आत माणूसच नसणार.

लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिराशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. जे सांगायचं ते जावेमार्फत. आज तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"आबा, मूठ मरेल माणूसनी नही पडस. हाऊ तुमना म्होरे बठेल शे. रोट मी दूधमा कुस्करीसन खावाडसू त्याले."

"अनं टाकी कोणता हातथीन?" वच्छलाबाई म्हणाली. "देवीना गहूले डावा हात? मोरीमा धुवाना?"

बेबाबाईने गव्हाची टोपली उचलून चुडामणच्या मांडीवर ठेवली, सूप समोरच्या पाटावर सरकवलं आणि त्याचं उजवं मनगट धरायला हात पुढे केला.

"नको," चुडामण म्हणाला.

तिने हात मागे घेतला. पण त्याने मान भिंतीकडे नेली नाही. डाव्या हाताने त्याने स्वतःचंच उजवं मनगट पकडलं आणि खाली दाबलं. बोटं सैल झाली. हात गव्हात खुपसला, मनगट वर उचललं, मूठ मिटली. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. योगराजने खिशातून मोबाईल काढला. बेबाबाईने नुसतं बघितलं, आणि तो परत खिशात गेला.

मूठ सुपावर आली, मनगट वाकलं, गहू पडले. थोडे बाहेर सांडले. एवढा जोर लावताना तोंड आवरायचं राहून गेलं, आणि ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळेची तार सुटून गव्हावर पडली. वच्छलाबाईने पदर नाकाला लावला.

"बस, बस," आबा घाईने म्हणाले. "झायी मूठ. देवी समजी लेई."

चुडामणने मान वर केली. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले.

"स... सव्वा," तो म्हणाला, आणि हात परत टोपलीत घातला.

पाव मूठही पडली. वच्छलाबाई पुढे वाकली, आणि दोन बोटांच्या चिमटीने ते ओले दाणे वेचून बाजूला काढायला लागली.

बेबाबाईने तिचा हात दूर सारला. कोपरापर्यंत बांगड्या मागे केल्या, दोन्ही हात सुपात घातले आणि गहू तळापासून वर कालवले, आबांचे, योगराजचे, नीलेशचे, चुडामणचे. कोणते दाणे कोणाचे हे तिला स्वतःलाही सांगता येईना, तोवर ती कालवत राहिली.

"आते दळा," ती म्हणाली.